पुसलेला चंद्र

माझ्या मावशीनं कामात एकदाच चूक केली, आणि ती केवढी, तर तिनं अख्खा चंद्र पुसला.

मावशी स्टुडिओत फोटो साफ करते. चेहऱ्यावरच्या पुटकुळ्या, तीळ, कपड्यांवरचे डाग, लेन्सवरची धूळ. चाळीस वर्षं हेच. पूर्वी ब्रशनं, आता माऊसनं. स्वतःच्या नाकावर माशी बसू देत नाही, तर गिऱ्हाइकाच्या नाकावरचा तीळ कुठला राहू देणार! एका शाळेनं यानानं काढलेला गुरू ग्रहाचा फोटो भिंतभर छापायला दिला. त्या सुरेख पट्ट्यांवर दोन ठिपके होते, एक काळा, एक फिकट. मावशीनं डोळ्यांत तेल घालून दोन्ही उडवले.

प्रिंट न्यायला विज्ञानाच्या बाई आल्या. "मावशी, यातला चंद्र कुठं गेला? आणि त्याची सावली?"

मालक तिथंच उभा होता. मावशी त्याला आधीच जड झाली होती. "आता आणखी एक प्रिंट वाया गेली, तर उद्यापासून घरीच बसा," तो सगळ्यांसमोर म्हणाला. मेल्याला वयाचाही मान नाही.

मावशीनं मूळ फोटो उघडला, मोठा केला आणि कोपरान् कोपरा पाहिला. कडेला आणखी एक बारीक ठिपका निघाला.

"ती धूळ असेल. तेवढी काढा," बाई म्हणाल्या.

"नाही काढणार."

"बाई सांगताहेत ना?" मालक खेकसला.

"धूळ कॅमेऱ्याला चिकटलेली असते. पुढच्या फोटोतही ती तिथंच दिसणार. आहे का यानंतर काढलेला फोटो?"

बाईंकडे होता. त्यांनी तो उघडला. ठिपका चांगला बोटभर सरकला होता.

"चंद्रच आहे हो! माझ्याही नजरेतून सुटला," बाई म्हणाल्या. शाळेच्या आणखी अकरा फोटोंचं काम तिथंच ठरलं. अट एकच, बघणार मावशीच. मालकानं ऑर्डर वहीत लिहून घेतली.

संध्याकाळी मावशीचा मला फोन. मला वाटलं, त्याची जिरली म्हणून खूश असेल. तिला त्याची आठवणही नव्हती.

"अगं, त्या चंद्रावर डोंगर असतील, दऱ्या असतील," ती म्हणाली. "आणि मी पुटकुळी समजून पुसलं गं!" मग ती हसत सुटली. "चल, ठेवते. उद्या लवकर जायचंय. अजून अकरा आहेत."