धवल्यातला दुसरा आवाज

परवा माझ्याकडे शेगडी दुरुस्त करणारा यायचा होता आणि त्याला काही केल्या घर सापडेना. फोनवरची माझी चिडचिड ऐकून जागृतीने फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि शाळेच्या मागची गल्ली, मग मारुतीचं देऊळ, असा नीट पत्ता सांगितला. "ओके दादा, आलोच," तो पलीकडून म्हणाला. स्पीकर चालू होता. तिने फोन ओट्यावर ठेवला आणि मी उगाचच शेगडीचं बटण फिरवत राहिले.

"बाई, तोंड फिरवू नका," ती म्हणाली. "आता सवय झालीय मला."

झालेली नाही. मी तिला चौथीपासून ओळखते, खोटं बोलताना ती नेहमी जरा जास्तच हसते.

जागृती घरत उरणजवळच्या आमच्या गावची. मी मात्र मूळची दिवेआगरची, नारळ-सुपारीच्या वाडीत वाढलेली. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली म्हणून इथे आले, तेव्हा या गावातलं मला काही म्हणजे काही आवडलं नव्हतं. एकीकडे बंदराकडे जाणारे कंटेनरचे ट्रेलर, दुसरीकडे मिठागरं आणि मधल्या सगळ्यावर धूळ. बदली मागायची असं मनाशी पक्कं केलं होतं. तेवढ्यात शेजारच्या लग्नाचं बोलावणं आलं आणि तिथे मी पहिल्यांदा धवला ऐकला.

आगरी लग्नात धवलारीण असते. भटजी येवो न येवो, खरं लग्न लावते ती. देवांना आवतण देण्यापासून ते नवरी निघेपर्यंत प्रत्येक विधीला त्याचं त्याचं गाणं, म्हणजे धवला, आणि हे सगळं तोंडपाठ. आमच्या गावची धवलारीण म्हणजे जागृतीची आई, जनीबाई. त्या दिवशी मांडवात त्यांच्या मागे, गुडघे पोटाशी घेऊन, माझ्या वर्गातली जागृती बसली होती. जनीबाई ओळ म्हणायच्या, ती संपता संपता पोर ती ओळ उचलायची आणि पुन्हा म्हणायची. तेवढ्यात आई श्वास घेऊन पुढच्या ओळीला तयार. आईचा आवाज जाड, खरखरीत. पोरीचा त्याच्या कितीतरी वर, बारीक आणि सरळ, कुठेही न थरथरता जाणारा. वर्गात पाढे पुटपुटणारी ही मुलगी इथे अशी गाते? ताटातला भात गार झाला तरी मी ऐकत होते. बदलीचा विषय पुढे मीच काढला नाही.

तो आवाज मी त्यानंतर किती लग्नांत ऐकला असेन! बोलावणं नसलं तरी जायचे. गावातल्या बायका हसायच्या, म्हणायच्या, बाईंना जेवण नको, जनीची जागी पाहिजे. खरंच होतं ते.

अंगाने जागृती पहिल्यापासून दणकट. तिची आजी मिठाच्या टोपल्या डोक्यावरून वाहायची, वडील धर्मा तरुणपणी मिठागरात फावडं मारायचे आणि आता ट्रेलर चालवतात. ते खांदे पोरीकडे आलेच होते. कॉलेज संपल्यावर ती बंदराजवळच्या एका गोदामात कामाला लागली आणि संध्याकाळी जिमला जाऊ लागली. गावाने नाकं मुरडली. थोडं मीही मुरडलं. मग एकदा तिने माझं गोदरेजचं कपाट एकटीने भिंतीपासून पुढे ओढलं, मागचं झुरळ मारलं आणि कपाट परत जागेवर लावलं. माझा विरोध तिथेच मावळला.

लोकांना वाटतं, बाईने अंग कमावलं म्हणजे तिला पुरुष व्हायचं असतं. मूर्खपणा नुसता. जागृतीला जागृतीच व्हायचं होतं, फक्त अजून थोडी जास्त. मला दंड दाखवताना तिचा चेहरा असा फुलायचा की मला माझ्या वाकलेल्या पाठीची लाज वाटायची. पुढे ती शरीरसौष्ठवाच्या स्पर्धांत उतरू लागली. पहिल्या स्पर्धेत चौथी आली, दुसऱ्यातही चौथीच. तिचा ट्रेनर अल्पेश म्हणून एक होता, गोड बोलणारा. तो म्हणाला, "मेहनत तुझी फुल आहे, पण पुढच्या पोरी काय नुसत्या अंड्यांवर आल्यात का? ही माइल्ड गोळी आहे. लेडीज लोक हीच घेतात. काय होत नाय, टेन्शन नको घेऊ."

कसली गोळी ते तिला माहीत होतं. ती काही भोळी नव्हती. स्टेरॉइडने बायकांना काय काय होतं ते तिने मोबाइलवर वाचलं होतं, फक्त ते दुसऱ्या बायकांना होतं असं तिला वाटलं. तसं तर आपल्या सगळ्यांनाच वाटतं.

थोड्याच महिन्यांत तिची पाठ अशी भरली की ब्लाउज शिवणारी सगुणा टेप खाली ठेवून म्हणाली, मला हे जमायचं नाही. चेहऱ्यावर पुरळ आलं. पाळी थांबली. अल्पेश म्हणाला, कडक डाएटवर तसं होतंच. पुढच्या स्पर्धेत ती पहिली आली. तेलाने चमकणारी, हात कमरेवर, असा तिचा फोटो धर्मांनी ट्रेलरच्या काचेवर लावला. पूर्वी याच धर्मांनी तिच्याशी जिमवरून अबोला धरला होता.

आणि मग लगीनसराई आली. एका हळदीत जागृतीचा आवाज वरच्या जागेवर फाटला. मी तिथेच होते. जनीबाईंनी मागे वळून पाहिलं आणि गाणं पुढे नेलं. नंतर बाहेर येऊन त्यांनी पोरीच्या गळ्यावर हात ठेवला.

"गला बसलाय गो तुजा. सीजनला मना पन असाच व्हतंय. बोलू नको आता, गप ऱ्हा."

धवलारणीचा गळा बसतोच. सराईत रोज गायचं, वर मांडवातला धूर आणि जागरण. त्यांच्या घरात याचं औषध पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं: ज्येष्ठमध, हळदीचं दूध, आंबट बंद आणि तोंडाला कुलूप. जनीबाईंनी हे सगळं मनापासून केलं. पोरगी घरात खुणांनी बोलायची. गळ्याला गरम कपडा गुंडाळलेला, कोकम कढीला हात लावायचा नाही. आणि जेवणानंतर, आईनेच दिलेल्या कोमट पाण्याबरोबर, ती ती गोळी घ्यायची. तिलाही वाटलं होतं, गळाच बसलाय. लहानपणापासून दर सराईला बसत आला होता आणि दर वेळी पुन्हा उघडला होता. दुसरी कुठली मुलगी असती तर आवाज फाटल्याबरोबर घाबरली असती आणि गोळ्या टाकून दिल्या असत्या. ही धवलारणीची लेक, म्हणून थांबली. सराई संपली, पाऊस येऊन गेला, आवाज उघडायची वाट बघत दोघी बसल्या होत्या आणि तो रोज आणखी खाली चालला होता.

शेवटी वाशीच्या डॉक्टरीणबाईंकडे मी तिच्याबरोबर गेले. त्यांनी घशात नळी घालून पडद्यावर दाखवलं, रक्ताचे रिपोर्ट पाहिले. लिव्हर सुजलेलं होतं, कोलेस्टेरॉलचं गणित पार बिघडलेलं. त्या शांतपणे सांगत होत्या, याची मला उगाच चीड येत होती.

"आजपासून बंद करा. पाळी बहुतेक येईल. पुरळ जाईल. लिव्हरही सावरेल, लक्ष ठेवू आपण."

"आणि आवाज?" जागृतीने विचारलं.

"स्वरतंतू जाड झालेत. ते पुन्हा पातळ होत नाहीत."

"मी गप्प बसले तर? सहा महिने? वर्षभर?"

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आवाज थोडा वर नेणारं ऑपरेशन असतं, पण त्यानंतर गाता येईलच असं सांगता येणार नाही, म्हणाल्या. पहिल्यांदा फरक वाटला तेव्हाच थांबला असतात तर बरंच वाचलं असतं, असंही म्हणाल्या. हे जागृतीने आईला कधीच सांगितलं नाही. मीही सांगणार नाही.

गोळ्या सुटल्या, तशी जिमही हळूहळू सुटली. आणि मग जे झालं त्याचा मला अजून राग येतो. एवढ्या हौसेने कमावलेले ते खांदे, ती पाठ, सगळं बघता बघता उतरलं. सगुणाने पुन्हा जुन्या मापाचा ब्लाउज शिवला. एका दुपारी जागृती माझ्या ओट्यावर बसून वाटाणे सोलत होती. मध्येच म्हणाली, "बाई, जे मला पाहिजे होतं ते सगळं परत गेलं. जे नको होतं तेवढंच राहिलं." आणि वाटाणे तसेच ठेवून ढसाढसा रडली. तिचं रडणंही आता खालच्या आवाजात येतं. मी तिला जवळ घेतलं. उरलेले वाटाणे मग मीच सोलले.

तरी ती वाट बघायची. सकाळी न्हाणीघरात नळ मोठा सोडून वरचा एखादा सूर लावून बघायची. तिची धाकटी बहीण मृणाली बाहेर उभी राहून ऐकायची आणि तिला न सांगता आत निघून जायची. हे मृणालीनेच मला सांगितलं. पाठोपाठ तिचं लग्न ठरलं आणि घरात कुणी मोठ्याने बोलेना. कारण लहानपणापासून ठरलेलं होतं, मृणालीच्या हळदीला आई आणि ताई मिळून धवला म्हणणार. जनीबाईंचं वय झालं होतं, त्यांना दम लागायचा. सगळे धवले येणारी त्यांच्याखालोखाल एकटी जागृती.

"मी नाही बसणार मांडवात," जागृती म्हणाली. "तू केसरकाकीला घे."

"केसरला काय येतंय? नुसती हूं हूं करते," जनीबाई म्हणाल्या. "तू बस. उघडंल गो. देवाचं काम हाय."

ती बसली. मी डोळ्यांनी पाहिलंय. दुपारची वेळ, मांडवात पंखे गरगरत होते. जनीबाईंनी दटावल्यावर डीजेवाल्याने नाइलाजाने आवाज बंद केला. मृणाली पाटावर, तिच्या गालांना ओली हळद. जनीबाईंनी देवांना आवतण द्यायला सुरुवात केली. पहिली ओळ संपली. जागृतीने तोंड उघडलं. आवाज निघाला तो आईच्याही खालचा. दोन बायका वळून बघू लागल्या. एका पाहुण्याने मागे काहीतरी पुटपुटलं आणि दुसरा हसला. त्याचं तोंड माझ्या लक्षात आहे, परत भेटला तर बघते.

जनीबाई थांबल्या. कधी कुणासाठी सूर न बदलणारी ती बाई. त्यांनी डोळे मिटले आणि तीच ओळ पुन्हा घेतली, पोरीसाठी, खूप खालून. त्यांना तिथे जाता येईना. आवाज घशातच घुटमळला, ठसका लागला. पाणी प्यायल्या, पुन्हा खालूनच सुरुवात केली. पुन्हा ठसका. ती म्हातारी तिसऱ्यांदा तोंड उघडणार, इतक्यात जागृतीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"आये, तू तुझ्याच सुरात म्हन," ती म्हणाली. "मी हाय इथं."

जनीबाई आपल्या सुरात गाऊ लागल्या. ओळ संपली की सवयीने थांबत होत्या. ती जागा जागृतीची होती. जागृतीचे ओठ हलत होते, एकही शब्द चुकत नव्हता, आवाज मात्र ती बाहेर येऊ देत नव्हती. जनीबाई धापा टाकत पुढची ओळ घ्यायच्या. इतकी वर्षं लेकीच्या आवाजाआड त्यांना श्वास मिळत होता, हे त्या दिवशी सगळ्या गावाला दिसलं. त्यांचा आवाज किती थकलाय, कुठे कुठे चिरलाय, तेही पहिल्यांदा उघड्यावर आलं. जागृतीने तरी तो एकटा कधी ऐकला होता? ती लहानपणापासून त्यात मिसळूनच गात आली होती.

ती आईच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. मग माझ्याकडे वळली आणि अगदी हळू म्हणाली, "बाई, आय म्हातारी झाली हो."

समोर जनीबाई समुद्राच्या देवाला आवतण देत होत्या. ओळ संपली, त्या थांबल्या आणि लेकीच्या आवाजाची वाट बघू लागल्या.