चार आणि नऊ नंबरची झाकणं

दोन झाकणं एकाच वेळी उचलायची नसतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आत्याचा डबा घेऊन बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत गेलो, ती हात धुवायला गेली आणि मी काचेच्या दोन बश्या उघडून गहू पाहत बसलो. पावलं ऐकू येताच घाईघाईने झाकणं लावली आणि साळसूद चेहरा केला. नंबर झाकणांवरच असतात, कारण तळावर लिहिले तर वाचायला बशी उचलावी लागते आणि दाणे हलतात. हे नंतर कळलं.

आत्या एकतीस वर्षं दाणे मोजतेय आणि एकतीस वर्षं कुणावरही विश्वास ठेवत नाहीये. तराजूवर एकच वजन तीनदा ठेवते. आतोबांनाही लग्नाआधी तीनदा भेटायला बोलावलं. तिन्ही वेळा तीच उत्तरं आली, तेव्हा कुठे हो म्हणाली.

हा तिचा शेवटचा प्रयोग होता. सहा बश्यांत नुसतं पाणी, सहांत दगडफुलाचा अर्क. खडकाला चिकटलेलं हे दगडफूल गव्हाचं उगवणं रोखतं का, एवढंच पाहायचं होतं. शेवटच्या मोजणीखाली तिची सही, मग निवृत्ती.

सातव्या दिवशी मी पुन्हा डबा घेऊन गेलो, तर पाण्याच्या चार नंबरच्या बशीत दाणे तसेच पडलेले आणि अर्काच्या नवात हिरवीगार दाटी. बाकी सगळं अपेक्षेप्रमाणे. आत्याने पाण्यावर संशय घेतला, कागदावर घेतला, साहेबांवर घेतला. मग माझ्याकडे पाहिलं. मी घडाघडा सगळं सांगून टाकलं.

साहेबांचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे अदलाबदल झाली! बाई, झाकणं फिरवा आणि सही करा."

"का? उत्तर तुमच्या मनासारखं येतंय म्हणून?"

"अहो, तुम्ही शुक्रवारी निवृत्त होताय!"

"गव्हाला सात दिवस लागतात. बिनपगारी येईन."

आणि बाराच्या बारा बश्या तिने बादलीत रिकाम्या केल्या. मी बादलीकडे धावलो. म्हटलं, "आत्या, शप्पथ, अदलाबदलच झाली होती. मला पक्कं आठवतंय."

"मग निकाल लागेपर्यंत का नाही आठवलं?"