तान्ह्या पोळ्याचे ताट

सावनेरच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या आमच्या बाई नसत्या, तर मी शेतातच राहिलो असतो. घराण्यातला पहिला पदवीधर झालो तो त्यांच्यामुळे, आणि नागपूरच्या कचेरीत लागलो तोही त्यांच्यामुळेच. त्यांनी माझ्याकडे एकदाच काही मागितले, आणि त्याने माझी झोप उडाली.

बाई ख्रिस्ती. त्यांचे पणजोबा मागल्या शतकात बाप्टिस्ट पंथाचे पाळक होते आणि दूर पूर्वेकडच्या मुलखात उपदेश करत हिंडले. मूळचे ते सावनेरकडचे, एवढेच घरात ठाऊक होते. म्हणून बाईंनी इथली नोकरी धरली आणि शिकवता शिकवता त्या पणजोबांचे घर शोधत राहिल्या. ते सापडले नाही. आजारपणात त्या जबलपूरला भाचीकडे गेल्या. जाताना घरच्या बायबलच्या पहिल्या पानावरच्या नोंदी त्यांनी मला उतरवून दिल्या. म्हणाल्या, "तू इथला आहेस. मी आहे तोवर बघ."

जन्म, लग्ने, मृत्यू यांच्या वर पाळकांनी स्वतःविषयी लिहिले होते : 'तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नदीत बाप्तिस्मा घेतला. त्याच दिवशी घरच्यांनी मला मेलेला धरून गवताचा पुतळा जाळला. पलीकडच्या काठावरून मी धूर पाहिला.'

तान्हा पोळा म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस. त्या दिवशी गावभर पोरे लाकडी बैल फिरवतात, आणि आमच्या घरी कुण्या मेलेल्याचे ताट वाढून कुंपणाबाहेर ठेवतात. कुणाचे, ते विचारायचे नाही. सुटीत गावी जाऊन मी पितरांच्या तिथींची वही माळ्यावरून काढली. प्रत्येक तिथीपुढे नाव होते. तान्ह्या पोळ्यापुढे फक्त 'मधला भाऊ', आणि खाली, 'अग्नी गवताला.'

वडिलांना दोन्ही नोंदी दाखवल्या. त्यांनी आधी दार लोटले.

"कोनाजवळ बोलला तं नाही ना गा?"

त्यांना सारे ठाऊक होते. बहिणीचे लग्न आठ दिवसांवर आले होते आणि व्याही जुन्या वळणाचे. घराण्यात पादरी निघाला हे कळले तर ते मांडवातून परत जातील, घर सापडले नाही असे बाईंना कळव, असे ते सांगत राहिले.

मी खोटे लिहायला बसलो. जबलपूरहून भाचीचे कार्ड आले होते : बाई रोज टपाल विचारतात. 'घर सापडले नाही' एवढे लिहिले आणि पेन पुढे जाईना.

बहिणीने आतून सगळे ऐकले होते. सूप घेऊन ती शेजारी बसली.

"दादा, खरं लिहून टाक. लपवून लगन झालं तं मले जनमभर भेव राहीन."

"आणि मोडलं तर?"

तिने सुपातला खडा वेचून टाकला. "तं एकदाचंच भेव."

दुसऱ्या दिवशी नागपूरला आल्याबरोबर मी टपालपेटीत टाकलेले पत्र असे :

'ती. बाईंना साष्टांग नमस्कार. तुमच्या पणजोबांचे घर सापडले. ते आमचेच. दर तान्ह्या पोळ्याला आम्ही त्यांचे ताट बाहेर ठेवतो. लहानपणी ते मीच नेऊन ठेवत असे, मागे न पाहता पळत येत असे. येत्या सोमवारी बहिणीचे लग्न आहे. झाले तर. प्रकृती बरी असेल तर या, आणि घरच्या माणसांत बसा. मला फार भीती वाटते आहे. तरी या.'