मे महिन्यातला हीटर

माझ्या मेकॅनिक मित्राचा एक नियम होता. गाडीचा पंप किंवा रेडिएटर खोलला, की काम झाल्यावर कूलंट भरायचं, झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करायचं, हीटर फुल करायचा आणि आत अडकलेल्या हवेचे बुडबुडे थांबेपर्यंत रेस देत स्वतः गाडीत बसायचं. जळगावच्या मेमध्ये हीटर लावून बसणं म्हणजे भट्टीत बसणं. बाकीचे मेकॅनिक ते टाळत. हा मात्र घामाने निथळत बसायचा. शाळेपासूनचा मित्र. त्याच्या याच हट्टापायी मी निम्म्या कॉलनीच्या गाड्या त्याच्याकडे धाडल्या.

गेल्या मेमध्ये माझ्या गाडीचा वॉटर पंप त्याने बदलला. धुळ्याला देवपुरात माझी मोठी बहीण राहते. तिला, अक्काला, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी जळगावला आणायचं होतं. दोन वर्षं ती घाबरून टाळत होती. शेवटी ‘तू स्वतः न्यायला आलास तरच’ या अटीवर कशीबशी तयार झाली. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं.

“हवा काढली ना?” निघताना मी मित्राला विचारलं.

“बठ्ठी हवा काढी टाकी, भाऊ. बिनधास्त जाय.”

आत बसलो तर गाडी गारेगार. माझ्यासाठी त्याने आधीच एसी लावून ठेवला होता. मला काय गहिवरून आलं! हीटर कधी लावला, हे विचारायचं त्या गारव्यात सुचलंच नाही.

पारोळ्याच्या पुढे काटा सरसर वर चढला आणि बॉनेटमधून वाफ निघाली. तिथल्या मेकॅनिकने हीटरच्या पाइपला हात लावला. इंजिन उकळत होतं आणि पाइप थंड. “हवा काढेलच नही,” तो म्हणाला. इंजिनची हेड गॅस्केट जळाली होती; गाडी आता तिथून हलणार नव्हती.

दुसरी गाडी करून येतो, असं मी अक्काला फोनवर परोपरीनं सांगितलं. ती म्हणाली, “राहू दे. देवाच्याच मनात नाही.” त्यानंतर ऑपरेशनचं नावही तिने काढू दिलं नाही. आता ती तांदूळ निवडते ते बोटांनी चाचपून. ज्या मित्रावर मी डोळे झाकून विश्वास ठेवला, त्यानेच केसाने गळा कापला होता.

पंधरा दिवसांनी गॅरेजवर गेलो. मित्र कुणाच्या तरी गाडीत बसला होता. झाकण उघडं, हीटर फुल, अंगातला शर्ट पाठीला चिकटलेला.

“माझ्या गाडीत का नाही बसलास?”

तो ओशाळला नाही. गळ्यातल्या फडक्याने तोंड पुसून हसला.

“ऊन किती व्हतं, भाऊ! गिऱ्हाईक लगेच बोंब मारस. तू ते घरना माणूस शेस.”