मधुचंद्राचं रानडुक्कर आणि न उठलेलं देवक

आमच्या मधुचंद्रासाठी आफ्रिकेत एक रानडुक्कर राखून ठेवलं होतं. इतरांसाठी समुद्राकडे उघडणारी खोली राखून ठेवतात, आमच्यासाठी डुक्कर. ते मी स्वतः बंदुकीने मारायचं होतं आणि मग उरलेल्या दिवसांत वाळवंट, समुद्र वगैरे पाहायचं होतं.

इथे माझ्याविषयी एक गोष्ट सांगणं भाग आहे. मी गायीला भितो. रायपूरच्या चौबे कॉलनीत आमचं घर आहे आणि गल्लीच्या तोंडाशी एक तांबडी गाय बसते. ती बसलेली असली की मी मागच्या गल्लीने वळसा घालून घरी येतो. उभी असली तर ऑफिसातच थोडा जास्त वेळ काम करतो. (साहेब मला कष्टाळू समजतात. त्यावर मला बढतीसुद्धा मिळाली आहे.) असा माणूस शिकारी कसा झाला, त्याचं सगळं श्रेय माझ्या भाऊकाकांना आहे.

प्रणिताच्या घरचे आमचं घर पाहायला आले तेव्हाची गोष्ट. प्रणिताही आली होती, आजकाल येतात. बैठकीच्या खोलीत भिंतीवर सांबराची शिंगं आहेत. आजोबांनी हे घर विकत घेतलं तेव्हा ती तिथेच होती आणि काढली तर भिंतीचे पोपडे निघतील म्हणून राहिली, एवढाच त्यांचा इतिहास. प्रणिताचे वडील शिंगांकडे पाहू लागले, तसे भाऊकाका सरसावून बसले.

"आपलं घराणंच शिकारीचं आहे," काका म्हणाले. "भोसल्यांच्या फौजेसोबत आलो ना आपण इकडे. रक्तातच आहे. हा बंटी पाहा, दिसते साधा, पण याचा नेम!"

(माझं घरातलं नाव बंटी. या नावाचा शिकारी जगात कुठेही झाला नसावा.)

प्रणिताने पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ती रायफल नेमबाजी करते, राज्यपातळीवर पदकं मिळाली आहेत, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

"तुम्ही केली आहे का शिकार?" तिने विचारलं.

"आता कुठे करू देतात," मी म्हणालो.

हे वाक्य शंभर टक्के खरं होतं. पण ते म्हणताना मी एक उसासा टाकला, तो मात्र खोटा होता. पुढचं सगळं रामायण त्या उसाशामुळे घडलं.

साखरपुडा झाला आणि मधुचंद्राचा विषय निघाला. माझ्या मनात बाली होतं. प्रणिताने मोबाईल पुढे केला. त्यावर नामिबिया होतं. अर्धे दिवस जंगलात वाटाड्यासोबत शिकार, तिथे ती परवान्याने चालते. उरलेले दिवस फिरणं.

"तुमची इतक्या वर्षांची हौस राहून गेली ना," ती म्हणाली. "तिथले लोक विचारून राहिले, काय ठेवायचं म्हणून. नवीन माणसासाठी रानडुक्कर बरं असते म्हणतात. ठेवू?"

नाही म्हणायला हीच वेळ होती. पण ती माझ्याकडे इतक्या कौतुकाने पाहत होती की माझी जीभच वळेना. मला ती फार आवडली होती. आपण गायीला भितो हे कळलं तर ही पोरगी लग्न मोडेल, अशी माझी पक्की समजूत झाली होती.

"ठेवा," मी म्हणालो.

घरी ही बातमी जेवताना सांगितली. आई म्हणाली, "त्याच्यात देवदर्शन कुठे आहे?" बाबा म्हणाले, "डुक्कर पाहाले इतक्या दूर काहून चालले? गुढियारीच्या नाल्यावर हिंडून राहिले ना ढीगभर." धाकटी बहीण पिंकी (हिला मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीतच येतं) म्हणाली, "पर भैया, आप तो छिपकली से भी डरते हो." मी टेबलाखालून तिला लाथ मारली. ती भाऊकाकांना लागली.

काकांना त्याचंही काही वाटलं नाही. ते आनंदाने वेडे झाले होते. घराण्याची परंपरा पुन्हा सुरू होणार म्हणून त्यांनी माझी तयारी आपल्या हाती घेतली. रोज सकाळी गच्चीवर मी छत्री खांद्याला लावून उभं राहायचं आणि काका पाण्याच्या टाकीमागून डुकरासारखे धावत यायचे. काकांचा गुडघा दुखावलेला असल्यामुळे ते डुक्कर जरा सावकाश यायचं. तरीही माझी छत्री दरवेळी उघडायची. शेजारच्या काकू वाळवण घालता घालता थांबून पाहायच्या आणि एक दिवस त्यांनी आईला विचारलं, "बंटीची तब्येत तं ठीक आहे ना, दीदी?"

लग्न जवळ आलं तशी माझी झोप उडाली. स्वप्नात ते डुक्कर यायचं आणि माझं नाव विचारायचं. शेवटी मी पुरानी बस्तीत आत्याकडे गेलो.

आमची शांताआत्या म्हणजे घरातल्या रीतिरिवाजांची शेवटची कचेरी. तिच्यापुढे भटजीही जपून बोलतात. पण हल्ली आपल्याला कुणी काही विचारत नाही, सगळं मोबाईलवर पाहतात, असा तिचा राग होता. मी तिच्या पायाशी बसलो आणि सगळं सांगून टाकलं. उसाशापासून छत्रीपर्यंत.

आत्याने सुपारी कातरणं थांबवलं.

"मंग पोरीले सांगून दे ना, भेव लागते म्हणून."

"ती लग्न मोडेल, आत्या."

"हव, तेही खरं आहे," आत्या म्हणाली. (तिने निदान 'छे छे' तरी म्हणायला हवं होतं.) मग ती पुन्हा सुपारी कातरू लागली. "आपल्यात देवक बसलं की घरात हिंसा नाही. वेस ओलांडून जाणंही नाही. अन् देवक कोण उठवते?"

"तू."

"मंग मी नाही उठवत. विमान जाऊ दे निघून, मंग उठवीन."

लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्याकडे देवक बसतं. मोराचं पीस आणि पाच झाडांच्या डहाळ्या देवघराशी पूजतात आणि लग्न लागून सून घरात आली की दुसऱ्या दिवशी ते उठवतात. तोवर घरात मांसमच्छी नाही, नख काढणं नाही, दाढी नाही. हा सगळा एका दिवसाचा मामला असल्यामुळे कुणाला त्याचं काही वाटत नाही. आत्याची युक्ती मला तेव्हा इतकी अचाट वाटली की मी तिच्या पाया दोनदा पडलो.

एक गोष्ट मात्र आम्ही दोघंही विसरलो. देवक उठलं की त्याच दिवशी आमच्याकडे मटणाचं जेवण असतं. नागपूर-अमरावतीकडचे पाहुणे लग्नाला येतात ते खरं म्हणजे या जेवणाला येतात. लग्न त्यांना वाटेत लागतं.

लग्न छान झालं. दुसऱ्या दिवशी सगळे आंघोळी करून देवघरापाशी जमले. आत्याने पंचांग उघडलं, डोळे बारीक केले आणि म्हणाली, "आज नाही उठत."

"काहून?" भाऊकाकांनी विचारलं.

"योग नाही."

त्या दिवशी वरणभात झाला. पुढच्या दिवशी दोडका. त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा वरणभात आणि जोडीला दोडका. पाहुणे परतीची तिकिटं पुढे ढकलत होते, कारण मटण न खाता लग्नघरातून जायचं म्हणजे गावात तोंड कसं दाखवायचं. पुरुषांच्या दाढ्या वाढल्या. बैठकीत सतरंज्यांवर ही माणसं रांगेने पडलेली असायची आणि ताटात दोडका दिसला की भिंतीकडे तोंड करायची. मटणवाल्याचा काकांना रोज फोन येई. "भैया, आज पक्का ना?" काका फोन ठेवून शिंगांकडे पाहत बसायचे.

प्रणिता डोक्यावर पदर घेऊन सगळ्यांना वाढत होती. मध्येच माझ्याकडे पाहायची, पण काही विचारायची नाही. मला वाटायचं, बिचारीची बंदूक हुकली म्हणून दुःख झालं असेल. मला तिची फार दया येत होती.

विमानाला एक दिवस उरला आणि काकांनी बैठक बोलावली. सगळे दाढीवाले गोल करून बसले. मध्ये आत्या.

"शांता, मी दुसऱ्या भटजीले विचारलं," काका म्हणाले. "योग रोजच आहे म्हणते तो. खरं सांग, काय करून राहिली तू?"

आत्याने पंचांग चाळायला घेतलं.

"देवकाकडे पाहून सांग."

मी डोळे मिटले. आमची आत्या देवाधर्माच्या बाबतीत पक्की. माणसांसमोर ती कितीही रेटून बोलेल, देवकासमोर नाही.

"या बंटीनंच सांगितलं," आत्या म्हणाली. "डुकराले भेते तो. गायीलेही भेते. लहानपणी बकरीले भेत होता, तो आता नाही भेत, म्हणते."

(शेवटचं वाक्य तिने माझी बाजू सावरायला घातलं होतं.)

इतकी दाढीवाली तोंडं एकाच वेळी माझ्याकडे वळलेली मी आयुष्यात पाहिली नव्हती. मला त्यांची काही पर्वा नव्हती. मी फक्त प्रणिताकडे पाहत होतो. झालं, संपलं, असं मला वाटलं.

प्रणिताने हातातलं वरणाचं भांडं खाली ठेवलं.

"आत्या, देवक उठवा," ती शांतपणे म्हणाली. "काका, मटणवाल्याले फोन लावा."

मग ती स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेलो.

"तुम्हाला राग आला असेल," मी म्हणालो.

"मले माहीत होतं."

"काय?"

"साखरपुड्याच्या आधीच. मी स्कूटी घेऊन तुमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर उभी होती. तुम्ही विजेच्या खांबामागे उभे होते. गाय उठली, तं तुम्ही मागच्या गल्लीत गेले. पळतच."

मी भिंतीला टेकलो. "मग शिकार कशाला ठरवली?"

"तुम्ही नाही म्हणाल असं वाटलं मले. तुम्ही 'ठेवा' म्हणाले." तिला आता हसू आवरेना. "मी कागदावर मारते जी, जनावरावर नाही मारवत मले. दुसऱ्याच दिवशी कॅन्सल केलं ते डुक्कर. नुसतं फिरणंच ठेवलं. म्हटलं, कधी सांगता ते पाहू. तुम्ही तं साऱ्या खानदानाले दोडका खाऊ घातला, पण सांगितलं नाही."

"आणि लग्न? माहीत असूनही तुम्ही..."

"खांबामागे तुम्ही गायीले हात जोडून उभे होते," ती म्हणाली. "मले तवाच आवडले."

त्या क्षणी मला जे वाटलं ते सांगता येत नाही. बाहेर काका फोनवर ओरडत होते, "पक्का! आज पक्का!" आणि मला रडू येत होतं. सगळ्यांना ते कांद्यामुळे वाटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही विमानात बसलो. नामिबियात रानडुक्कर दिसलंही, जीपच्या बंद काचेतून. मला ते स्वप्नातल्यापेक्षा बरंच सभ्य वाटलं. परत आल्यावर काकांनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा प्रणिता म्हणाली, "हे अगदी समोर होते, काका. जागचे हलले नाहीत." काका तेवढ्यावर अजून पाहुण्यांना तासभर ऐकवतात.

आता रोज संध्याकाळी आम्ही फिरायला निघतो. गल्लीच्या तोंडाशी प्रणिता दोन पावलं पुढे होते आणि मी तिच्या मागे चालतो. कॉलनीतल्या बायका आपापल्या नवऱ्यांना माझं उदाहरण देतात, बायकोला मान द्यावा तर असा. मी मागे का चालतो ते फक्त प्रणिताला आणि त्या तांबड्या गायीला माहीत आहे, आणि दोघीही अजून कुणाला काही बोललेल्या नाहीत.