एका गाण्याचा, की एकाही नाही?

ये, अशी जवळ बस. कागदावरच बोलावतेय, पण बस. आणि तो मोबाईल पालथा ठेव जरा. नाताळाच्या फराळाला शिरूरला मावशीआजीकडं आलीस, बोलू नये ते बोललीस, आणि चहा अर्धा टाकून पुण्याच्या एस्टीत चढलीस. त्याला आता दोन महिने होत आले. फोन केला की "बरी आहे आजी, ठेवते." ही काय रीत झाली? माणसानं चुकावं, पण चुकल्यावर पळू नये. आणि तू चुकलीस की नाही, हे तरी तुला कुठं ठाऊक आहे? तेच सांगायला बसलेय. मला लिहायची शिस्त नाही. मी जशी बोलते तशीच लिहिणार, तू सोडवून घे.

तुला वाटतं, म्हाताऱ्या बायांना ती इंग्रजी गाणी काय कळतात. अगं, शिरूरला आमचं घर मिशनच्या गल्लीला लागून. तू जिला मावशीआजी म्हणतेस ती माझी मैत्रीण, माझ्याच वर्गात. शाळा सुटली की मी तिच्या घरी. तिच्या दादाकडं टेपरेकॉर्डर होता आणि पुण्याहून आणलेल्या परदेशी कॅसेटी. रविवारी चर्चमध्ये दादा पेटी वाजवायचे आणि दुपारी तेच दादा दार लावून गिटारवर धुडगूस घालायचे. आम्ही दोघी ओट्यावर मटार सोलत ऐकायचो. एक शब्द कळत नव्हता मला. मग मी गाण्यांना माझी नावं ठेवली होती. शिट्टी मारत येणारं. बाई रुसल्यासारखं. काजळ घातलेल्या बाप्याचं. दादा हसायचे, पण नंतर तेसुद्धा म्हणायला लागले, "अगं, ते रुसल्यासारखं लाव ना."

त्या घरानं मला काय दिलं हे सांगायला बसले तर कागद पुरायचा नाही. आमच्या घरात मोठ्यानं गाणं म्हटलं की आई डोळे वटारायची. तिथं दादाची आई म्हणायची, "म्हण गं, भिंतींना कान आहेत तर त्यांनाही ऐकू दे."

आणि तेव्हापासून आमचा वाद. कुणाला एका गाण्याचा म्हणायचं? तू नाताळाला फोनवर त्या 'वन हिट वंडर'वाल्यांचा खेळ काढलास, तेव्हा आम्हा तिघांना तू नवं काही सांगत नव्हतीस. करंज्यांचं ताट मध्ये होतं आणि तू म्हणालीस, "एकच गाणं गाजलं की झाला वन हिट वंडर. सोपं आहे."

"सोपं नाही," दादा म्हणाले. "त्याच्या देशात त्याची दहा गाजली असतील. तुझ्यापर्यंत एकच आलं, तो त्याचा दोष?"

मी म्हटलं, "दादा, आमच्या दारात एकदाच आला न्हवं? मग आमच्यापुरता एकाच गाण्याचा. तिकडं त्यानं काय दिवे लावले ते तिकडच्यांनी बघावं."

"आणि दुसरं गाणं पहिल्यासारखंच असलं तर?" मावशीआजीनं विचारलं. "दोन धरायची का एक?"

"एकच," मी म्हटलं. "तीच भाजी दुसऱ्या ताटात."

"बँड फुटला आणि त्यातला एकजण बाहेर पडून गाजला, मग?"

"चूल वेगळी झाली, आता त्याचं त्याला धरा."

तू किती हसलीस! आणि त्या हसण्याच्या भरात बोलून गेलीस, "मग मामाआजोबा, तुम्ही पण वन हिट वंडरच की! आजोबांच्या बँडचं ते वरातीचं गाणं तुमचंच ना?"

दादांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "माझं? माझं एकही नाही." आणि भर दुपारी अंगणात जाऊन झाडांना पाणी घालत बसले. तू माझ्याकडं बघितलंस, पिशवी उचललीस, आणि गेलीस.

आता मागचं ऐक. तुझी मावशीआजी नर्सिंग शिकायला निघाली तेव्हा शिरूरच्या स्टँडवर तिला सोडायला दादा आणि मी गेलो होतो. एस्टी सुटली. तेव्हा स्टँड म्हणजे नुसती माती. मी म्हटलं, "चला दादा." ते हलले नाहीत. धूळ उडालेली होती, ती खाली बसेपर्यंत तिथंच उभे. त्यावरच त्यांनी गाणं केलं. 'धूळ बसू दे, मग जाईन मी घरी.' पुण्यातल्या मित्रांना घेऊन गिटार, ड्रम, सगळं लावून कॅसेट काढली. पुण्यात कुणी विचारलं नाही. शिरूरला स्टँडजवळच्या कॅसेटच्या दुकानात काही दिवस वाजली, मग तीही थांबली. दुसरी कॅसेट निघालीच नाही.

तोवर माझं लग्न होऊन मी खुटबावला आले होते, आणि येताना ती कॅसेट घेऊन आले होते. तुझे आजोबा शेती बघून दौंडच्या एका बँडचे मास्तर म्हणून क्लॅरोनेट वाजवायचे, हे तुला ठाऊक आहे. त्यांनी ते गाणं ऐकलं. पुन्हा ऐकलं. मळ्यात मोटर चालू करून बांधावर बसून त्याची चाल काढली. आणि पुढच्याच लगीनसराईत ते गाणं वरातीत, दुप्पट जोरात, ढोलताशावर! बाया, बाप्ये, करवल्या, सगळे नाचायला लागले. पाटसच्या कारखान्याकडं ऊस घेऊन निघालेले ट्रॅक्टरवाले खाली उतरून नाचून जायचे. दौंडापासून शिरूरपर्यंत त्या गाण्यावाचून नवरदेव मांडवात शिरेना.

आणि एका लग्नात ते दादांनी ऐकलं. वरात थांबवली गं त्यांनी. म्हणाले, "हे माझ्या बहिणीला निरोप दिला ते गाणं आहे. यावर काय नाचताय?"

तुझे आजोबा घामानं चिंब. म्हणाले, "दादा, तुमचं गाणंच असं हाय, लोकांचं पाय थांबत न्हाईत. त्याला मी काय करू?"

झालं. त्या दिवसापासून दादा कुठल्या लग्नात थांबले नाहीत. आहेर द्यायचा, अक्षता टाकायच्या, आणि जेवायच्या आत चपला घालायच्या. मी कितीदा सांगितलं, "दादा, एकदा पाठवणीपर्यंत थांबा. तिथं ऐका." ते म्हणायचे, "तू नवऱ्याचीच बाजू घेणार." तुझे आजोबा गेले तेव्हा आले होते. पण गाण्याचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

तर नाताळाला तू त्या जागेवर बोट ठेवलंस. मला वाटलं, आता हे घर मला तुटलं.

पण ऐक पुढं. परवा इथं खुटबावला आपल्या शेजारच्या पोरीचं लग्न झालं. मावशीआजीला बोलावणं होतंच. मी चौफुल्याला घ्यायला गेले, तर न्हावऱ्यावरून येणाऱ्या एस्टीतून ती उतरली, आणि तिच्यामागून दादा! खांद्याला पिशवी. मी तर बघतच राहिले.

"दादा, तुम्ही?"

म्हणाले, "त्या पोरीनं मला मोजलं. इतक्या वर्षांत कुणी मोजलंच नव्हतं. म्हटलं, एक तरी आहे का, बघून येऊ."

तुझ्यामुळं आले बाई ते, तुझ्यामुळं. आता कळलं का, फोन घाईनं ठेवतेस तेव्हा मला का वाईट वाटतं?

नवरदेव मारुतीला निघाला आणि तुझ्या आजोबांच्याच त्या बँडनं तेच गाणं घेतलं. आता त्यात बेंजो असतो, मोठा स्पीकर असतो. मागं उसाचा ट्रॅक्टर अडकला होता, त्याचा ड्रायव्हर खाली उतरून असा नाचला की नवरदेवाचा फेटा विस्कटला तरी कुणाचं लक्ष नाही. दादा लिंबाखाली उभे राहून सगळं बघत होते. नाच थांबल्यावर बँडवाले चहाला बसले, तसे त्यांच्याजवळ गेले. आताचे मास्तर चाळिशीचे असतील.

"मास्तर, हे गाणं कुणाचं हो?"

"कुणाचं म्हंजी? आमच्या बँडचं."

"पण आधी कुणी गायलं होतं?"

"गातंय कोण काका, हे वाजवायचं हाय. जुनं मास्तर वाजवायचं, तवापासनं हाय. लगीन म्हटलं की हेच."

दादा माघारी आले. म्हणाले, "बघ. एकही नाही म्हणालो होतो ना मी. चल, मला शिरूरची गाडी कधी मिळेल? आलो तसा जाईन." चेहरा असा उतरला होता गं, शाळेत नापास झाल्यासारखा.

मी काही बोलायच्या आत मावशीआजीनं त्यांची पिशवी घेतली, पाटावर ठेवली आणि तिच्यावर सरळ बसली. म्हणाली, "जा आता. पिशवीशिवाय जायचं असेल तर जा."

"अगं, त्यात माझा चष्मा आहे!"

"मग तर हलणारच नाही मी."

अशी ही नर्स. आयुष्यभर पेशंटना अशीच झोपवत आली असणार.

तर थांबले. जेवले, शाकभाजी दोनदा घेतली. दिवस कलला आणि पाठवणीची वेळ झाली. आता तू शहरात वाढलीस, तुला आपल्या बँडची एक रीत ठाऊक नसेल. पाठवणीला ढोलवाले ढोल खांद्यावरून काढून जमिनीवर ठेवतात. ताशा बंद, बेंजो बंद. एकटी क्लॅरोनेट वाजते. आणि वाजतं तेच गाणं, पण हळू. दादांनी केलं होतं तसं.

क्लॅरोनेट सुरू झाली आणि दादांनी माझ्याकडं बघितलं. मी जमिनीवर ठेवलेल्या ढोलांकडं बोट केलं. इतकी वर्षं सांगून झालं होतं.

पोरगी आईच्या गळ्यात पडली. भाऊ गाडीचं दार धरून उभा. आणि बाया म्हणायला लागल्या. तोंडातल्या तोंडात, पदराआड. 'धूळ बसू दे, मग जाईन मी घरी.' हे शब्द त्यांना माझ्याकडून आले. खुरपायला बसलो की मी म्हणायचे, माझ्यामागं त्या म्हणायच्या. कधी 'एस्टी'ची 'मोटार' झाली, 'ताई'ची 'माई' झाली, ते मला कळलंसुद्धा नाही. दादांचे ओठ मात्र जुन्या शब्दांवर हलत होते.

गाडी निघाली. मोठा रस्ता डांबरी झाला, पण त्या घरापासून रस्त्यापर्यंत अजून मातीच आहे. ही एवढी धूळ उठली. गाडी दिसेनाशी झाली, माणसं वळायला लागली, पण क्लॅरोनेट थांबेना. मास्तरांची नजर रस्त्यावर.

दादांनी शेजारच्या ढोलवाल्याला हळूच विचारलं, "गाडी गेली की. अजून का वाजवताहेत?"

तो म्हणाला, "थांबायचं नसतं काका. धूळ खाली बसंस्तवर वाजवायचं. जुन्या मास्तरांचा कायदा हाय."

धूळ बसली. मास्तरांनी वाद्य ओठावरून काढलं. मग ढोलवाल्यांनी ढोल उचलले.

दादा किती तरी वेळ तिथंच उभे. स्टँडवर उभे राहिले होते ना, तसेच. मग म्हणाले, "हे त्यानं ठरवलं?"

"व्हय," मी म्हटलं. "पहिल्या वर्षापासनं. प्रत्येक पाठवणीला."

"आणि मला बोलला नाही."

"तुम्ही थांबत होता कुठं?"

त्यावर ते हसले. डोळे पुसत हसले. मास्तरांना जाऊन सांगतील, हे गाणं माझं म्हणून, असं मला वाटलं होतं. नाही सांगितलं. मास्तरांपुढं गेले, हात जोडले, म्हणाले, "फार छान वाजवलंत." मास्तर बिचारे लाजले, म्हणाले, "आमचं काय काका, चालच चांगली हाय."

घराकडं चालताना मावशीआजीनं विचारलं, "मग, किती धरायची तुझी?"

"एक धर," दादा म्हणाले. "पण निम्मं हिच्या नवऱ्याचं. म्हणजे मी अर्ध्या गाण्याचा. त्या पोरीला सांग, तिच्या खेळात अर्ध्याचा खाना आहे का विचार."

मी त्या रात्री देवापुढं दिवा लावला तेव्हा काही मागितलं नाही. मागायला राहिलंच काय? ज्या घरानं मला गाणं दिलं आणि ज्या माणसानं ते जपलं, त्या दोघांचं भांडण माझ्या जिवंतपणी मिटलं. ह्यांना ते बघायला मिळालं नाही, एवढंच. पण धूळ बसेपर्यंत वाजवणारे त्यांनी मागं ठेवले, हे त्यांना कळलं असेल, असं मी धरून चालते.

आता तुझं काम. गाण्याचा दुसरा अंतरा कुणालाच येत नाही. बँडला नाही, बायांना नाही, मलासुद्धा अर्धाच. कॅसेट कधीच तुटली. तो फक्त दादांना येतो, आणि ते म्हणतात, "म्हणेन, पण त्या पोरीच्या मोबाईलवर. दुसऱ्या कुणाच्या नाही. आणि तिनं समोर बसून ऐकायचं." गिटारीला नव्या तारा लावून आणल्यात. गळा पूर्वीसारखा नाही, खरखरतो. पण मावशीआजी म्हणते, आधी कुठं सरळ होता?

वाद संपलाय असं समजू नकोस. काजळवाल्याचं दुसरं गाणं धरायचं की नाही, यावर काल फोनवर पुन्हा अर्धा तास गेला. तुझं मत राहिलंय. आणि तो अर्धा टाकलेला चहाही. दादांना घेऊन मावशीआजी पुढच्या रविवारी इथं खुटबावला येतेय. तू शनिवारीच ये. केडगावला उतर, मी कुणाला तरी घ्यायला पाठवते. ये गं बाई, लवकर ये.