तुऱ्याच्या पायाचा काटा

माझा कोंबडा तुऱ्या वाचला तो नालबंद चाचांमुळे. हे आधी लिहून ठेवते, बाकीचं मागून.

चाचा माणसाचं तोंड नंतर बघायचे, पाय आधी. उसाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी बैलांना नाल ठोकायला ते आमच्या तेलगावात यायचे. फटफटीवरून उतरले की दारातल्या माणसाच्या पायांशीच बोलणं सुरू. "टाच लई फुटली, तेल लावत जावा." असा माणूस तुम्ही बघितला असेल तर तुम्हाला ठाऊक असेल, त्याच्यापुढे आपण नकळत पाय लुगड्याखाली ओढून घेतो. मला पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाले, "बेटी, तुजी चप्पल पुढूनच झिजलीय. सारखी पळायच्या तयारीत असतीस काय?"

खोटं नव्हतं. नंदुरबारकडून लग्न होऊन मी इतक्या लांब आलेली. शाळा सहावीत सुटलेली. कुणी नुसती हाक मारली तरी मी दाराआड व्हायचे. निघताना आईनं टोपलीत एक पिल्लू घालून दिलं होतं, तोच हा तुऱ्या. बघता बघता सहा वर्षांचा कोंबडा झाला. त्याची नखं वाढून वाकडी झाली आणि डाव्या पायामागचा काटा गोल वळून त्याच्याच नडगीत रुतायला लागला. मग त्यानं पाय टेकणंच सोडलं.

सासूबाई म्हणाल्या, "रविवारी जावई येनार हायत. तवर चालला तर चालला, न्हाईतर मसाला वाटून ठेव. म्हातारा हाय, पर रस्सा तरी हुईल."

तो दिवस गुरुवार होता. चाचा अंगणात बैलांपाशी होते, पण त्यांना सांगायचा धीर होईना. बैलाला दोर टाकून पाडतात, पाय बांधतात, मग नाल ठोकतात, हे मी दरवर्षी बघितलेलं. मीही तसंच केलं. गोठ्यामागे जाऊन तुऱ्याचे पाय सुतळीनं बांधले, त्याला उताणा पाडला आणि कात्री घेतली. तो चोच उघडून धापा टाकायला लागला.

त्याची फडफड ऐकून चाचा हातातला हातोडा टाकून आले. "सोड आदी. बैलाला पाडत्यात, पाखराला न्हाई. दम कोंडलाय त्याचा."

आमचे हे हसायला लागले. "चाचा, आता कोंबड्यालाबी नाल ठोकता काय?"

"तू गप बस बे. तुज्या खुरांकडं मागून बघतो."

चाचांनी तुऱ्याला उभाच मांडीवर घेतला, डोक्यावर फडकं टाकलं. डोळ्यांपुढं अंधार झाल्यावर तो गप झाला. मग एकेक नख उन्हाकडं धरून त्यांनी मला दाखवलं. आत लाल रेघ दिसत होती. "ही नस. हितवर यायचं न्हाई. टोक टोक काढायचं."

नेलकटर त्यांनी हातात घेतलं आणि मी बघतच राहिले. लाथा झाडणाऱ्या बैलाचा पाय दाबून धरणाऱ्या त्या माणसानं ते दोनदा नखाला लावलं आणि दोनदा मागं घेतलं.

"चाचा, भ्या वाटतंय?"

"वाटतंय की. बैल लाथ मारून सांगतो. हे पाखरू कसं सांगनार? घे, तुजी बोटं बारीक हायत. तू कर, मी धरतो."

मी? पण धरलं नेलकटर. तिसऱ्या नखाला रक्ताचा थेंब आला आणि माझे डोळे भरले. चाचांनी हळदीची चिमूट दाबली. "थेंबच हाय. थांब, मग फुडचं घे."

काटा काळा, त्यात नस दिसेना. त्याच्याखाली चिंधी सरकवून मी बारीक कानशीनं घासत राहिले. थोडं घासायचं, बोट लावून बघायचं, परत थोडं. तिकडं बैल ताटकळले, माणसं कुरकुरली. चाचा ढिम्म हलले नाहीत. शेवटी वळलेलं टोक चिंधीवर पडलं. रक्त नाही, काही नाही.

रविवारी जावई ओट्यावर टेकतात तोच तुऱ्या दोन्ही पायांनी चालत आला, गाडीच्या जुवावर चढला आणि असा आरवला की गल्लीतली कुत्री उठली. जावई म्हणाले, "झणझणीत दिसतोय की बेत."

सासूबाई चुलीपासूनच बोलल्या, "त्यो आमच्या सुनंच्या म्हायेरचा हाय. त्याला हात लागायचा न्हाई. शेंगदान्याची आमटी केलीय, गुमान जेवा."

मी भाकरी थापत होते. माझी भाकरी त्या दिवशी पहिल्यांदा गोल झाली असं हे अजून सांगतात.

आता गावातल्या बाया कोंबड्या काखेत मारून माझ्याकडं येतात. चाचा असले की बैलापासून ओरडायचे, "तिच्याकडंच जावा, मला न्हाई जमत ते." एवढा मान मला शाळेत कधी मिळाला नव्हता.

दोन हंगाम झाले, चाचा आले नाहीत. दृष्टी अधू झाली, आष्टीला लेकीकडं असतात. मागच्या महिन्यात भेटायला गेले तेव्हा खाटेवर बसले होते. वाकवत नाही, दिसत नाही, लेकीला सांगायची लाज. पायाची नखं वाढून बोटांवर वळली होती. माझी नजर गेली तसे त्यांनी पाय चादरीखाली घेतले. खोलीत माणसं होती, चहाचा कप खाली ठेवून मी उठले.

पण मी परत जाणार आहे. कोमट पाण्याचं घमेलं मागून घेईन, खाली बसेन. चाचा पाय आखडतील, ओरडतील. ओरडू देत. दहाही नखं काढल्याशिवाय मी तिथून उठणार नाही.